आधी दोरी

३ सप्टेंबर, गुरुवार

साक्षरता केंद्र मिळालं! म्हणजे सरांनी गळ्यात मारलं. बाकी सगळ्यांना घराजवळची, मला नदीपलीकडचं. दोन बस बदलून. कित्येक वर्षं बंद पडलेलं केंद्र, ते म्हणे मी डिसेंबरपर्यंत चालवून दाखवायचं. "तुम्हाला आयुष्याचा अनुभव आहे," सर म्हणाले. मागच्या बाकावरून कुणीतरी, "काकू जमवतील!" पन्नाशीत एम. ए. करायला गेलं की माणूस सगळ्या जगाची काकू होतं.

विषय — प्रौढ व निरंतर शिक्षण. त्यातली प्रौढ मी आणि निरंतर सर. एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत. आज तासभर एकच वाक्य घोळवलं : प्रौढ माणूस कोरी पाटी नसतो, तो येतानाच काहीतरी घेऊन येतो. आणि तास संपता संपता सांगितलं की परीक्षेसाठी प्रत्येकाने एक 'कोरी पाटी' शोधायची — आयुष्यात खडू हातात न धरलेलं माणूस — आणि त्याला पहिला धडा द्यायचा. आता काय बोलायचं!

माझी कोरी पाटी घरातच आहे. आईला विचारलं. भिंतीला टेकून, पाय लांब करून शेंगा सोलत होती. "मला नको या वयात," म्हणाली. "अंगठा चालतोय अजून."

७ सप्टेंबर, सोमवार

पहिला वर्ग. लाँड्रीच्या मागची खोली. कांजी, वाफ आणि गरम कापडाचा वास, भिंतीपलीकडे इस्त्री आपटल्याचा आवाज. खोली इस्त्रीवाल्या मावशींची. त्या स्वतःही शिकतात, म्हणजे शिकत होत्या. शिवाय एक वॉचमनकाका, दोघी जावा (एक बोलली की दुसरी तिला खोडते), आणखी तिघंचौघं.

मावशी माझ्याकडे बघतच राहिल्या. "तुम्हाला कुठं पाहिलंय का हो?" म्हटलं, छापखान्यात असेन तर. पंचवीस वर्षं मुद्रितं तपासली, दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरलं. छापखान्याला कुलूप लागलं म्हणून इथे.

"चला, पाट्या वर!" म्हटलं तर वॉचमनकाका दचकले. अगदी उभेच राहिले. मग ओशाळून खाली बसले.

डस्टरचा खिळा फळ्याच्या डाव्या बाजूला आहे. खडूचा डबाही डावीकडेच. दर वेळी हात आडवा न्यावा लागतो. कुणी केलीय ही उलटी व्यवस्था?

१० सप्टेंबर, गुरुवार

नीट, क्रमाने लिहू दे.

आज पाहणी होती — कुणाला किती येतं. म्हटलं, येईल तो एक शब्द लिहा. मावशींनी पाटी मांडीवर घेतली आणि आधी रेघ ओढली. वरची रेघ. नुसती. खाली एकही अक्षर नसताना. आणि तीही उजवीकडून डावीकडे! मग त्या रेघेखाली एकेक अक्षर टांगलं. शेजारी पाहिलं तर वॉचमनकाका तसंच. दोघी जावाही तसंच. सगळा वर्ग! सगळे उजव्या हाताचे, आणि रेघ मात्र उलटी, आधी.

"असं का करता?" मी विचारलं. आवाज माझा मलाच ओळखू आला नाही.

मावशी हसल्या. "आधी दोरी बांधायची, मग कपडे वाळत घालायचे."

जगात हे वाक्य एकच माणूस म्हणत असे.

११ सप्टेंबर

ताई डावरी होती. बाबांना चालायचं नाही. जेवताना डावा हात पाठीमागे धरून बसवायचे. लिहिताना मात्र ती दाराआड जाऊन डाव्यानेच लिहायची. नंतर रेघ ओढली तर तळहाताने खालची अक्षरं पुसली जायची, म्हणून तिने ही युक्ती काढली. आधी नुसती रेघ ओढून घ्यायची, डाव्या हाताला सोयीची म्हणून उजवीकडून. मग अक्षरं. मला पहिला 'म' तिनेच शिकवला, माझा हात हातात धरून. "हं, आधी दोरी, मनू." पुढे शाळेत पट्टी खाऊन खाऊन माझी सवय सुटली.

ताईने स्वतःच्या मनाने लग्न केलं. बाबा म्हणाले, या घरात तिचं नाव निघता कामा नये. नाव निघालं नाही. इतकं, की आता या कागदावर लिहायला गेले तरी पेन अडतं. पहिली एकदोन वर्षं पत्ता होता, मग पत्र परत आलं. नंतर काहीच नाही. बाबा जाऊनही आता चार वर्षं झाली.

घरातला जुना फोन मी काढू देत नाही. बिल भरते, महिनोन्महिने तो वाजत नाही, दादा चिडतो. पण ताईला तोच नंबर पाठ आहे.

१४ सप्टेंबर, सोमवार

विचारलं — आधी कोण शिकवायचं?

"डावऱ्या बाई," थोरली जाऊ म्हणाली. धाकटी म्हणाली, "छान होत्या." थोरली म्हणाली, "छान काय, कडक होत्या!" मावशी एकदम म्हणाल्या, "सोडून गेल्या त्या. बाई, पुढचं सांगा."

पुढे मीच विचारलं नाही. विचारलं नाही तोवर ताई कुठेतरी आहे. भित्री ती भित्रीच मी.

आता माझं नाव पडलंय 'उजव्या बाई'.

१७ सप्टेंबर

खोलीत कुणीतरी असतं. भूतबित नाही म्हणत मी. पण फळ्याकडे तोंड केलं की पाठीमागे सातआठ हात एकदम उजवीकडून डावीकडे सरकतात, आणि खडूची ती लांब किर्रर्र ऐकू येते — मग दारामागची ती जागा, तेलाचा वास, ताईचा कोपर माझ्या बरगडीला टोचतोय. वळून पाहते तर वॉचमनकाका.

मला तिथे जायची भीती वाटते. आणि सोमवार कधी येतो असं होतं.

आई विचारते, "कसा चाललाय वर्ग?" मी म्हणते, बरा. आजकाल फार विचारते. खोली कुठे, लोक कसे, बसायला सतरंजी आहे का. मी हसून म्हटलं, येतेस का? तर शेंगांची परात उचलून आत गेली. चालताना हल्ली फार लंगडते. बाबांच्या आजारपणाच्या जरा आधी मात्र हिचे गुडघे एकदम 'बरे' झाले होते! वर्षानुवर्षं दर गुरुवारी दवाखान्यात शेकायला जायची, आणि एके दिवशी जाहीर केलं — बरे झाले, आता नाही जायचं. असं बरं होणं कधी पाहिलं नव्हतं बाई. जिना चढताना रडू यायचं तिला.

१ ऑक्टोबर, गुरुवार

सरांना पाट्यांचे फोटो दाखवले. गप्प बसले असते तर! आनंदाने खुर्चीतून उठलेच. "हा तर विषय आहे! संपूर्ण गटात एकच सदोष सवय! हीच घ्या प्रबंधाला. आधीची पाहणी, सुधारणा, नंतरची पाहणी. डिसेंबरपर्यंत सवय गेली पाहिजे."

म्हटलं, सर, अक्षर तर वाचता येतं त्यांचं. काय बिघडतं?

"बिघडत नाही कसं? वेग कमी होतो. तुम्ही मुद्रितशोधक ना? चूक दिसली की काढायची!"

हो म्हणून आले. माझी पंचवीस वर्षांची सवय — वरिष्ठ म्हणाले की खूण करायची. म्हणजे आता ताईचा हात मी एकेकाच्या हातातून काढून टाकायचा. त्याचे मार्क मिळणार.

८ ऑक्टोबर, गुरुवार

सुरुवात केली. आधी अक्षर, रेघ शेवटी, डावीकडून. मावशी म्हणाल्या, "जमणार नाही. दोरीशिवाय कपडे धरायचे कुठे?" सगळे हसले. मी ओरडले. सतरंजीवर बसलेल्या मोठ्या माणसांवर ओरडले!

वॉचमनकाका बिचारे गुणी. मुठीत खडू धरून, घाम पुसत, चारपाच वेळा चुकून शेवटी त्यांनी नीट लिहिलं. 'दार'. रेघ शेवटी, डावीकडून. पाटी माझ्यासमोर धरली. "आता बरोबर ना बाई?"

बरोबर होतं. मी मान हलवली आणि नळाशी जाऊन तोंडावर पाणी मारलं.

१२ ऑक्टोबर

आज धाकट्या जावेची सवय सुटली. दोन गेले.

काय लिहितेय मी — दोन गेले!

२९ ऑक्टोबर, गुरुवार

सर केंद्र बघायला आले. मी कडक साडी, नवा खडू. सर कोपऱ्यात खुर्चीवर, मांडीवर कागद. म्हणाले, "करा प्रात्यक्षिक. योग्य पद्धत."

मी फळ्याकडे वळले. शब्द ठरवला होता 'पाणी'. खडू टेकवला — आणि माझ्या हाताने रेघ ओढली. पहिली. उजवीकडून. फळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, किर्रर्र. मी बघत होते, हात माझा नव्हता.

थोरली जाऊ टाळ्या वाजवत ओरडली, "उजव्या बाई डावऱ्या झाल्या!" सगळा वर्ग हसला. सर कागदावर काहीतरी लिहीत राहिले. मावशी तेवढ्या हसल्या नाहीत.

सर गेल्यावर त्यांनी इस्त्री बंद केली, दार लोटलं आणि विचारलं, "तुम्ही डावऱ्या बाईंच्या कोण?"

"बहीण. धाकटी."

"तरीच," म्हणाल्या. स्टूल पुढे ओढून मला बसवलं. पाणी दिलं. मी म्हटलं, सांगा मावशी.

"गेल्या हो त्या."

कुठे गेल्या, असं मी विचारलं. खरंच विचारलं!

पोटाचं दुखणं होतं. सहा वर्षं झाली. नवरा त्याच्याही आधी वारला होता, मूलबाळ नाही. दिवसा शिवणकाम, संध्याकाळी इथला वर्ग, अंगात ताप घेऊनही. मग सरकारी इस्पितळात दाखल केलं. मावशी तेव्हा मुलीच्या बाळंतपणाला गेलेल्या. परत आल्या तर सगळं आटोपलं होतं.

"जवळ कोण होतं?"

"मला नाही माहीत, बाई. खोटं कशाला सांगू? मी नव्हते."

३० ऑक्टोबर

सहा वर्षं. सहा वर्षं मी फोनचं बिल भरतेय.

रडू येत नाही. नुसतं एक वाक्य फिरतंय — जवळ कोण होतं. इस्पितळाची खाट, खालची फरशी, ताई, आणि उशाशी रिकामं स्टूल. ते स्टूल डोळ्यांसमोरून हलत नाही. मरण समजू शकते मी. पण एकटी? तिला रात्री पाणी प्यायलाही कुणी सोबत लागायचं. मला उठवायची.

आई स्वयंपाकघरात गुणगुणतेय. तिला काय सांगू?

५ नोव्हेंबर, गुरुवार

वॉचमनकाकांना विचारलं. त्यांनी टोपी काढून हातात धरली.

"मला आजीने सांगितलं. ती मागची आजी नाही का? तुम्हाला कशी माहीत असणार! एक म्हातारी यायची वर्गाला. मागे बसायची, भिंतीशी. बोलायची नाही कुणाशी. सगळ्यात ढ! एकेक अक्षराला महिना. पण बाई तिला कधी ओरडल्या नाहीत. आम्हाला धपाटे, तिला नाही. वर्ग सुटला की दोघी चहा प्यायच्या, तिथं पायरीवर."

"मग?"

"एक दिवस आजी एकटीच आली. म्हणाली, बाई गेल्या. डब्यातला एक खडू मागून घेतला आणि निघाली. परत काही आली नाही."

नाव? "आजीच म्हणायचो सगळे." राहायला? "लांबून यायची. बसने."

म्हणजे आजी जवळ असेल! निदान तिला माहीत असेल. मला ही बाई शोधायचीच आहे. जिवंत असेल ना? तेव्हाच म्हातारी होती म्हणतात.

९ नोव्हेंबर, सोमवार

बसथांब्यावरच्या चहावाल्याला विचारलं. औषधाच्या दुकानात विचारलं. इस्पितळात गेले — सहा वर्षांपूर्वी पेशंटजवळ कोण बसलं होतं, हे कोण सांगणार? खिडकीमागची मुलगी चांगली होती. "काकू, तेव्हा मी शाळेत होते," म्हणाली.

घरी यायला उशीर झाला. आई दारातच. "कुठे होतीस? तोंड बघ कसं झालंय." म्हटलं, एका आजीला शोधत होते, वर्गाला यायची पूर्वी. आई म्हणाली, "शोधून काय करणार तिला?" आणि पान वाढलं.

१९ नोव्हेंबर, गुरुवार

दादाला फोन केला. सगळं सांगितलं. तिकडून नाक ओढल्याचा आवाज आला, माझा एवढा दोन पोरांचा बाप दादा! मग म्हणाला, "आईला सांगू नकोस. जाईल ती."

मीही तेच म्हणत होते स्वतःशी. पण आई माझ्या जुन्या फोनवरची धूळ रोज पुसते. मी तिला ओरडतेसुद्धा, तार ओढू नकोस म्हणून. वाट बघतेय ती. तिला वाट बघू द्यायची की नाही, हे मी कोण ठरवणार? आणि सांगितलं तर पहिला प्रश्न हाच विचारेल — जवळ कोण होतं गं? मी काय उत्तर देऊ?

सरांना सांगून टाकलं की सवय मोडणार नाही. "म्हणजे प्रबंध?" म्हटलं, वेगळा लिहीन. एका शिक्षिकेचा हात तिच्यामागे तिच्या विद्यार्थ्यांत कसा उरतो, यावर. सर चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "संदर्भग्रंथ कुठून आणाल?" नाही म्हणाले नाहीत. कोऱ्या पाटीचा धडा मात्र ४ डिसेंबरच्या शुक्रवारपर्यंत हवाच, त्यात सूट नाही.

वॉचमनकाकांना म्हटलं, काका, लिहा पूर्वीसारखं. तर म्हणाले, "आता ते येत नाही हो. हात विसरला." मग मी त्यांचा हात धरून उजवीकडून रेघ ओढली.

२६ नोव्हेंबर

नाही सांगितलं. जिभेवर आलं होतं, आईने विचारलं, "भात वाढू?"

३ डिसेंबर, गुरुवार

उद्या शुक्रवार. कोरी पाटी मिळालेली नाही. दुपारी आईपुढे पाटी ठेवली. "तुझ्या पाया पडते, एक अक्षर लिही. तुला काही येत नाही हेच मला हवंय." माझा आवाज फाटला. अक्षराचं निमित्त होतं, मला ते दुसरंच सांगायचं होतं, आणि मी सांगून टाकलं. "आई, ताई नाही आता. सहा वर्षं झाली. इस्पितळात. आणि तिच्याजवळ कोण होतं ते मला सापडत नाही गं, किती शोधलं."

आई हलली नाही. भिंतीला टेकून, पाय लांब करून तशीच बसलेली. मी पुढे केलेला नवा खडू तिने घेतला नाही. चष्म्याचं घर उघडलं, त्यातून बोटाच्या पेराएवढा खडूचा तुकडा काढला. पाटी मांडीवर घेतली. उजवीकडून डावीकडे एक लांब रेघ ओढली. मग सावकाश, एकेक करून, खाली अक्षरं टांगली.

मी होते.